‘मोठ्यांचीच गोळी अर्धी करून द्या’ हा मेसेज पुढे पाठवू नका

‘डॉक्टर हल्ली दुखण्याच्या गोळ्यांवरून आईबापांना उगाच घाबरवतात. गोळ्या कुलपात ठेवा हे अमेरिकेचं फॅड. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी निर्धोकच असते. मुलांना अर्धी करून द्या, उरलेली जपून ठेवा. पोरानं चुकून खाल्लीच तर मीठपाणी पाजून उलटी काढा आणि झोपू द्या.’

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आक्कानं टाकला. तिच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुखण्यावर ट्रामाडोल चालू आहे. घरात तीन वर्षांचा नातू. गोळ्यांची पिशवी कॉटच्या दांडीला, बरोबर त्याचा हात पोचेल अशी. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत औषध दुकानात काउंटरला असते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी ‘अर्धी करून द्या’. ट्रामाडोल आणि कोडीन ही अफूच्या जातकुळीतली औषधं. यकृतात त्यांचं आणखी जोरकस द्रव्य तयार होतं, कोडीनचं तर मॉर्फिनच. काहींच्या शरीरात हे जन्मतःच फार झपाट्यानं होतं. अशा मुलाला बेताचा डोस दिला तरी श्वास मंदावू शकतो, आणि मूल त्यातलं आहे की नाही हे बघून कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेनं, एप्रिल २०१७ मध्ये बजावलं की १२ वर्षांखालच्या मुलांना दुखण्या-खोकल्यावर कोडीन आणि दुखण्यावर ट्रामाडोल देऊच नये. कोडीनमुळे १८ वर्षांखालच्या मुलांना श्वासाचा गंभीर त्रास झाल्याच्या ६४ नोंदी त्यांनी तपासल्या, त्यात २४ मुलं दगावली होती. जे द्यायचंच नाही, त्यातलं अर्धं काय आणि पाव काय! अंगावर पाजणाऱ्या आईनंही ही औषधं टाळावीत, असं त्याच इशाऱ्यात आहे.

‘डॉक्टरांनी लिहून दिलेली’ हे खरं, पण कुणासाठी? सासूबाईंसाठी, त्यांच्या वयाला, ठरावीक दिवसांपुरती. दुकानात रोज कुणीतरी पट्टीचा कापलेला तुकडा पुढे करतं, ‘ताई, हीच द्या.’ चार गोळ्या असतात, पण नाव आणि लाल चौकटीतला इशारा कापून गेलेल्या भागावर. घरात असा तुकडा पडला की तापाची गोळी कुठली आणि ही कुठली, हे कोण ओळखणार?

मीठपाणी आणि ‘झोपू द्या’ वाचून तर मला धडकी भरली. या गोळीनं मूल पेंगतं, हाक मारली तरी नीट उठत नाही, घोरल्यासारखा श्वास घेतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळसर पडतात. ट्रामाडोलनं झटकेही येतात. पेंगुळलेल्या मुलाला उलटी करायला लावली तर ती श्वासनळीत जाते, आणि मीठ जास्त पोटात गेलं तर तेही जिवावर बेततं. लक्षणांची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा आमच्याकडचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल, नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. पट्टी सोबत न्या, म्हणजे काय आणि किती गेलं ते डॉक्टरांना कळेल. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन श्वास परत आणू शकतं, पण ते वेळेत मिळायला हवं.

अमेरिकेचं म्हणाल तर एवढं मान्य करते, तिथल्यासारखा या गोळ्यांचा महापूर आपल्याकडे आलेला नाही. उलट आपल्याकडे कॅन्सरच्या कितीतरी पेशंटना मॉर्फिन मिळत नाही. सासूबाईंची गोळी भीतीपोटी बंद करा, असं मी अजिबात म्हणत नाही. पण ट्रामाडोल आपल्याकडेही २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. आणि डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर किंवा सिस्टर दोन मिनिटं थांबून सांगतात, गोळी कुठे ठेवा, कधी थांबवा, कुणाला देऊ नका, ते घाबरवणं नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे. कुणी सांगितलं नाही तर आपण विचारावं.

राहिलं ‘उरलेली जपून ठेवा’. ठेवू नका. एरवी औषधं संडासात टाकू नयेत, पण केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेच्या २०२५ च्या सूचनांमध्ये १७ औषधांची वेगळी यादी आहे. घरात कुणाच्या हाती लागली तर धोका, म्हणून ती संडासात टाकून पाणी सोडायचं. ट्रामाडोल त्या यादीत आहे. तोवर पिशवी दांडीवरून काढून कपाटात, कुलूप लावून, आणि किल्ली मोठ्या माणसाकडे.