६०,००० रुपयांत १५० हॉर्सपॉवर? जरा हिशोब करू

जळगाव-धुळ्याकडच्या गाडीवेड्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एकच मेसेज फिरतोय : ‘जुनी झेन घ्या, एस्टीमचं १३०० इंजिन टाका, भंगारातल्या डिझेल स्विफ्टचा टर्बो चढवा. ६०,००० मध्ये १५० हॉर्सपॉवर. पक्कं शे भाऊ!’ खाली चार दावे. एकेक घेऊ.

‘एस्टीमचं इंजिन झेनमध्ये बसतं.’ बसतं. दोन्ही गाड्या मारुतीच्या आणि दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी मालिकेतली. झेनचं ९९३ सीसी, एस्टीमचं १२९८. माउंटिंगचं किरकोळ काम चांगला फिटर करून देतो. सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर असलेलं) इंजिन असेल तर कंपनीच्या आकड्यानुसार ८५ हॉर्सपॉवर. मेसेज इथेच संपला असता तर मी लिहायलाच बसलो नसतो.

‘टर्बो लावला की ८५ चे १५०.’ टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ताकद पाऊणपट वाढवायची तर हवाही निदान तेवढीच जास्त कोंबावी लागते, म्हणजे ०.८ बारच्या आसपास बूस्ट (हवेचा जादा दाब). आता आपला मे महिना घ्या. भुसावळला पारा ४५ वर. एवढ्या गरम हवेला तेवढं दाबलं की टर्बोतून निघताना ती सव्वाशे अंशांच्या पुढे जाते. इंटरकूलर तिला थंड करतो खरा, पण बाहेरच्या ४५ च्या खाली तो काही आणू शकत नाही. त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मुळातच नऊच्या वर. ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटायला लागतं, टकटक सुरू होते. आपण गाणी लावून ओट्रम घाट चढत असतो, त्यामुळे ती ऐकूही येत नाही. मग हेड खोललं की पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते आणि रिंगांमधली पट्टी तुटलेली हातात येते.

इंजेक्टरही पाऊणपट मोठे हवेत. ते बसवले की मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, काही उमगत नाही. वेगळा ईसीयू, वायरिंग, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग. फोर्ज्ड (जास्त मजबूत) पिस्टनचं नावही न काढता ६०,००० इथेच संपतात. क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स अजून हिशोबात धरलेलेच नाहीत. आणि तो डिझेल टर्बो? फुल लोडवर पेट्रोलचा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या घरात जातो, डिझेलचा त्यापेक्षा बराच थंड असतो. ज्या उष्णतेसाठी तो बनला नाही, तिथे तो किती टिकणार? १५० झाले म्हणणाऱ्याला डायनोचा कागद मागा. व्हिडिओतला काळा धूर हा जादा पेट्रोलचा पुरावा आहे, ताकदीचा नव्हे.

‘फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सरने अजून १५.’ आवाज वाढतो. बस्स.

‘कंपनी एकच, आरटीओ बघत नाही.’ इंजिन नंबर आरसीवर असतो. जुनी झेन २००६ मध्येच बंद झाली, म्हणजे आज रस्त्यावरच्या प्रत्येक झेनला पंधरा वर्षं उलटलीत आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी आरटीओसमोर उभी करावीच लागते. MH-18 असो की MH-19, नंबर जुळला नाही की तिथेच अडकलात. परवानगीशिवाय केलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमावाल्यालाही क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

मग बजेटात काय? टर्बोविना एस्टीमचं इंजिन, आरटीओची परवानगी आधी काढून. साधारण पावणेआठशे किलोच्या गाडीत ८५ हॉर्सपॉवर म्हणजे टनामागे १०९ च्या आसपास. लळिंग घाटात मजा यायला पुरे. उरलेले पैसे रेडिएटर, ब्रेक आणि टायरवर घाला, याच क्रमाने, कारण आपल्याकडे पहिली कसोटी उन्हाचीच. आणि भंगारवाल्याकडून इंजिन उचलण्याआधी गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा. एखादं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी भरलं, तर भंगारवाल्यानं भाव निम्म्यावर आणला तरी घेऊ नका.