‘सर, उद्या सबमिशन आहे!’

रात्री साडेअकराला पुन्हा तोच मेसेज. ‘सर, अष्टप्रधान मंडळाची माहिती पाठवा ना. पीडीएफ असेल तर बेस्ट.’ अरे बाबा, मी काय झेरॉक्सचं दुकान आहे? आठ प्रधानांची नावं मराठी विश्वकोशात फुकट वाचता येतात, तीही त्याच मोबाइलवर. इतिहासकार वि. का. राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव वणवण हिंडले, १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. आणि ह्या पोरांना बोट हलवायचं जिवावर येतं.

विचारू नका असं नाही हो. ‘एवढं वाचलं, पण मुजुमदार आणि सुरनीस या दोन प्रधानांच्या कामातला फरक कळेना’ असं कुणी लिहिलं तर मी दोनपर्यंत जागेन. (जागलोय.) पण आयता गृहपाठ? वर उत्तर दिलं की म्हणे, ‘थोडं शॉर्टमध्ये द्या’!