लशीची बाधा आणि तहसिलीतला चार लाखांचा अर्ज: त्या संदेशात काय चुकले आहे

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. आशय असा: लशीमुळे कुणी दगावले किंवा अपंग झाले तर सरकार चार लाख रुपये देते, तहसिलीत अर्ज द्या, लसीकरणाचे प्रमाणपत्र जोडा, नाही मिळाले तर ग्राहक मंचात जा, मुदत नाही. यावर विसंबून खेटे घालत बसलात तर खऱ्या दाव्याची वेळ निघून जाईल.

"सरकार चार लाख देते." 14 मार्च 2020 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने कोविडने मरण पावलेल्यांच्या वारसांना चार लाख देण्याचे पत्र काढले आणि त्याच दिवशी ती तरतूद मागे घेतली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जून 2021 च्या निकालानंतर 50,000 रुपयांचे सानुग्रह अनुदान ठरले, तेही कोविडच्या मृत्यूसाठी. लशीच्या बाधेशी या दोन्ही रकमांचा संबंध नाही. उलट 2022 मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले की लसीकरणानंतरच्या मृत्यूंच्या भरपाईसाठी सरकारला जबाबदार धरता येणार नाही, कुटुंबांनी दिवाणी न्यायालयात जावे. ही भूमिका आम्हाला अन्यायाची वाटते. लस सगळ्यांच्या भल्यासाठी दिली जाते. क्वचित कुणाला बाधा झाली तर तो भार एकट्या घराने का सोसावा? अमेरिकेत 1988 पासून लशीवर कर लावून निधी उभारला जातो आणि त्यातून भरपाई मागताना कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही.

"प्रमाणपत्र जोडले की झाले." सर्वांत घातक वाक्य हेच. प्रमाणपत्र लस टोचल्याचे सांगते, लशीने इजा झाल्याचे नाही. त्यासाठी घटनेची नोंद लागते. रुग्णालयात दाखल व्हावे लागले, अपंगत्व आले किंवा मृत्यू झाला, तर आशाताई, आरोग्यसेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवा. त्यांनी 24 तासांत जिल्ह्याला अहवाल पाठवायचा असतो. तोंडी सांगून थांबू नका. लेखी अर्ज देऊन पोच घ्या. खासगीत लस घेतली असेल तर 1800-180-3024 या औषध-दुष्परिणामांच्या मोफत क्रमांकावरही नोंदवता येते.

घाई कशासाठी? गोवर-रुबेला आणि बीसीजीची भुकटी द्रावणात मिसळल्यावर चार तासांतच वापरायची असते. त्यानंतरही वापरली, तर जंतुसंसर्ग होऊन बाळ दगावू शकते. अशी उघडलेली कुपी वापरासाठी नव्हे, तर तपासासाठी लागली तर म्हणून 48 तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, जे आधी येईल तोवर ठेवतात, मग टाकून देतात. तोवर कळवले नाही तर पुरावाच संपला. कळवले तर त्याच बॅचच्या कुप्या सील करून कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत पाठवता येतात. मृत्यू झाला असेल तर मन घट्ट करून शवविच्छेदनाला संमती द्या. ते न करता अंत्यसंस्कार उरकले की पुढे कारण सिद्ध करणे जवळपास अशक्य होते. (पावसात वीज गेली म्हणून लस विषारी झाली, असे मात्र लिहू नका. उष्णतेने लशीची ताकद घटते, ती विषारी होत नाही; त्या आरोपाने अर्ज कमकुवत होतो.)

पुढे तज्ज्ञांची समिती वर्गवारी करते: लशीच्या घटकामुळे, दर्जातील दोषामुळे, टोचण्यातील चुकीमुळे, भीतीमुळे, अनिश्चित, किंवा योगायोग. हा निष्कर्ष, बॅच नंबर आणि सत्राची नोंद 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. रुग्णालयाने केसपेपरच्या प्रती मागणीनंतर 72 तासांत द्यायच्या असतात.

"नाहीतर ग्राहक मंच." अर्धेच खरे. सरकारी केंद्रात सर्वांना फुकट मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून ठरलेले आहे. पैसे मोजून खासगी दवाखान्यात लस घेतली असेल तर तक्रार करता येते. म्हणून पावती जपा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अधिकारक्षेत्र मोजलेल्या पैशांवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे हजाराची लस आणि वीस लाखांची मागणी असली तरी प्रकरण अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा आयोगातच (पूर्वीचा ग्राहक मंच) चालते, आणि फी शून्य. पण सदोष उत्पादन किंवा निष्काळजीपणा दाखवावा लागतोच. दुर्मीळ दुष्परिणामाचा इशारा कंपनीने डॉक्टरांना आधीच दिला असेल तर त्या मुद्द्यावर कंपनी सुटू शकते.

"मुदत नाही." आहे. ग्राहक तक्रारीला दोन वर्षे. मृत्यूबद्दल वारसांच्या दिवाणी दाव्याला मृत्यूपासून दोन वर्षे. सरकारी यंत्रणेवर दावा असेल तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. वकील परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. स्त्रिया, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालयात रिट याचिका करायची ठरली तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाला 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे, रायगडकरांना मुंबईच.