शेतसारा राहिला नावापुरता

वसुली अधिकारी म्हणजे शेतकऱ्याच्या मानेवर सुरी, असं एका लेखात म्हटलंय. अहो, बडोद्यात मामलतदार कचेरीत वसुलीचंच काम बघतो मी. शेतसारा किरकोळ, टेबलावर ढीग असतो तो दुसऱ्यांच्या थकबाकीचा. रेराचा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा 2016 चा कायदाच घ्या. बिल्डरने व्याज, दंड किंवा भरपाई थकवली की ती जमीन महसुलाची थकबाकी म्हणून आमच्या गळ्यात. पत्त्यावर जावं तर कुलूप, बोर्ड काढलेला, भिंतीवर नुसते खिळे. नोटीस डकवून पंचनामा करायचा, तर पंच मिळत नाही. शेजारचा चहावाला म्हणतो, ‘साहेब, मला रोज इथंच बसायचंय.’ (त्याचंही बरोबरच.) मार्चअखेरीस टार्गेटवरून बोलणी मात्र आम्हीच खायची, वर फ्लॅटवाल्यांचे फोन!