टॉफी परत घेत नाही

औषधांच्या दुकानात बिल झालं १०८ रुपये. शंभराची नोट आणि वर दहाचं नाणं ठेवलं. नाणं परत आलं.

"दहाचा कॉइन नाही चालत इकडे."

मग कुठे चालतो, हे विचारायच्या आत शेजारचे काका मध्ये पडले. त्यांना फक्त खोकल्याचं औषध हवं होतं, पण वेळ भरपूर होता. त्यांनी नाणं उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि ट्यूबलाइटखाली धरून आकड्यावरच्या रेघा मोजायला घेतल्या. सातव्या-आठव्या रेघेला दुकानदाराने "शुगर-फ्री देऊ का?" विचारलं. मोजणी पुन्हा पहिल्यापासून! अखेर निकाल लागला : "पंधरा! दहा रेघांचा खरा, पंधराचा डुप्लिकेट. रुपयाचं चिन्हही नाही, बघा."

अहो, नसणारच. ते चिन्ह ठरलं २०१० मध्ये, नाण्यांवर आलं २०११ पासून. हे नाणं त्याआधीचं. जानेवारी २०१८ पर्यंत निघालेले दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हाच जाहीर केलंय. "बँकेला काय कळतंय!" काका म्हणाले. स्वतःचे पैसे त्यांनी मोबाइलवरून दिले. त्यात रेघा नसतात.

मी दहाची नोट काढली. दोन तुकडे, मधोमध सेलोटेप. ती निमूट गल्ल्यात गेली. तसं बरोबरच आहे म्हणा. दोन्ही तुकडे एकाच नोटेचे असले आणि काही गहाळ नसलं, तर बँक तिला नुसती मळकी नोट धरते आणि पूर्ण पैसे देते. पण चिकटवलेला कागद चालतो आणि अख्खा धातू नाही?

परत यायचे होते दोन रुपये. आल्या दोन टॉफ्या.

"दोन रुपये यूपीआय करा."

"दोन रुपयांसाठी?"

"मग ह्या घ्या आणि दोन रुपयांची चिकटपट्टी द्या."

"टॉफी परत घेत नाही आम्ही."

मेख इथेच आहे. पैशाची पुस्तकातली मुख्य कामं तीन : हातोहात फिरणं, किमतीचं माप होणं आणि मूल्य टिकवून ठेवणं. 'बिल १०८ टॉफ्या' असं काही छापून येत नाही. साठवायची म्हटली, तर मे महिन्यात ती खिशातच पाघळते आणि डब्यात ठेवली तर मुंग्या मुद्दलच खातात. फिरते, पण गल्ल्यापासून माझ्यापर्यंतच. शिवाय बरणी घाऊक भावाची, म्हणजे सुट्टे देतानाही नफा! नाणं पाडायचा खर्च आणि त्याची दर्शनी किंमत यांतल्या फरकावर सरकार कमावतं. तीच टांकसाळ इथे बरणीत चालते. फक्त सरकार आपलं नाणं करात परत घेतं.

दुकानदार तरी नाणं का नाकारतो? घाऊकवाला घेत नाही म्हणून. तो का घेत नाही? बँकेत पिशवी उघडली की कॅशियर कपाळाला आठ्या घालतो म्हणून. नाणी घ्या, असं रिझर्व्ह बँक बँकांना पुन्हा पुन्हा बजावते, पण आठ्या तशाच. मग लोकांची नाणी घरच्या डब्यात पडून राहतात आणि काउंटरवर पाटी लागते, 'सुट्टे पैसे द्यावेत'. २०११ च्या कायद्याने रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. कायदा माझ्या बाजूने आहे. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र काउंटरच्या पलीकडे आहेत आणि त्या ठेवणारं आमच्या गल्लीत हे एकच दुकान.