उसनी ऊर्जा, ओले कपडे आणि युरेनियम

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा वही-पेन घेऊन.

क्वांटम टनेलिंगवरच्या, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही सूक्ष्म कण अडथळ्याच्या भिंतीपलीकडे कसा पोचतो यावरच्या लेखात मी लिहिलं होतं की कण क्षणभर ऊर्जा उसनी घेतो आणि भिंतीपलीकडे गेल्यावर फेडतो. तुम्ही विचारलंत, "उसनी कोणाकडून? खातेवही कोण ठेवतं?" झोंबलं, कारण बरोबर आहे. ते वाक्य मीही कुठूनतरी उचललेलं. ऐकायला छान, पण गणितात असा व्यवहार होतच नाही. आत असतानाची एकूण ऊर्जा आणि बाहेर पडल्यावरची, आकडा एकच. वाक्य खोडलं आहे.

दुसरा मुद्दा मात्र पटला नाही. तुमचं म्हणणं, यात नवल काय? ओले कपडे सावलीतही वाळतात. पाणी उकळत नाही, पण काही रेणूंकडे सरासरीपेक्षा जास्त ऊर्जा असते, ते निसटतात. तसेच काही कण भिंतीवरून उडी मारत असणार.

बॉयलरवर नोकरी केलेल्या माणसाला हेच सुचणार, आणि उपमा चांगली आहे. चांगली अशासाठी की ती तपासून बघता येते.

युरेनियम-२३८ घ्या. त्याच्या केंद्रकातून अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा) बाहेर पडतो. भोवतीच्या विद्युत प्रतिकर्षणाच्या भिंतीचा माथा २५ एमईव्हीच्याही (एमईव्ही हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) वर आहे. कण माथ्यावरून आला असता, तर पलीकडच्या उतारावरून घरंगळत निदान तेवढी ऊर्जा घेऊन बाहेर पडला असता. मोजली तर भरते सुमारे ४.२. एखादा भाग्यवान २५ चा कधीच सापडत नाही. शिवाय तुमचे कपडे उन्हात लवकर वाळतात. युरेनियम तापवा नाहीतर गोठवा, क्षयाचा वेग तोच.

भिंत खरंच एवढी उंच आहे का, ही शंका तुम्ही काढणार, म्हणून अणूचं केंद्रक शोधणाऱ्या रदरफोर्डची गोष्ट. त्याने पोलोनियम-२१२ मधून निघणारे ८.८ एमईव्हीचे अल्फा कण युरेनियमवर मारले. ते आत शिरले नाहीत, प्रतिकर्षणाच्या नियमानुसार मुकाट परत फिरले. म्हणजे बाहेरून ८.८ वाल्याला दार बंद, आणि आतून ४.२ वाला आरामात बाहेर! यावर १९२७ मध्ये रदरफोर्डने तोडगा काढला, की अल्फा कण दोन इलेक्ट्रॉन सोबत घेऊन, म्हणजे विद्युतभाररहित होऊन बाहेर येतो आणि मग त्यांना सोडून देतो. एवढ्या मोठ्या माणसाचा हा जुगाड वाचून मला माझ्या उसन्या ऊर्जेबद्दल जरा बरं वाटलं.

१९२८ च्या उन्हाळ्यात लेनिनग्राडहून ग्योटिंगेनला आलेल्या २४ वर्षांच्या गॅमो या भौतिकशास्त्रज्ञाने ते वाचलं आणि गणित नव्याने मांडलं. (अमेरिकेत गर्नी आणि कॉन्डन यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच केलं.) क्वांटम गणितात कण लहरीसारखा मांडतात. ही लहर भिंतीत शिरल्यावर झपाट्याने क्षीण होत जाते, पण शून्य होत नाही. पलीकडे जो अंश उरतो, तीच बाहेर सापडण्याची शक्यता. भिंत किंचित जाड झाली की हा अंश कित्येक पटींनी घटतो. आणि कणाची ऊर्जा जितकी कमी, तितकी त्याला पार करावी लागणारी भिंत जाड.

म्हणून ८.८ एमईव्ही असलेल्या पोलोनियम-२१२ चं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी, आणि ४.२ वाल्या युरेनियमचं साडेचार अब्ज वर्षं. ऊर्जेत फरक जेमतेम दुपटीचा, आयुष्यात एकावर तेवीस शून्यं एवढ्या पटींचा. उडीच्या कल्पनेतून हा आकडा काढून दाखवा, मी लेखच मागे घेतो.

"कोणी डोळ्यांनी पाहिलंय?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात: १९८१ साली झुरिकजवळ बनलेला स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक याच परिणामावर चालतो: सुई आणि पृष्ठभाग यांच्यामधली फट ही भिंत, आणि ती पार करणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा विद्युतप्रवाह मोजला जातो. त्याची सुई पृष्ठभागापासून एका अँगस्ट्रॉमने, म्हणजे अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतराने, वर उचलली की प्रवाह साधारण दहापटीने घसरतो. पृष्ठभागावरचे अणू असेच एकेक करून टिपले जातात.

लेखातलं टेकडी आणि चेंडूचं चित्र तूर्त ठेवलं आहे. तेही तुम्हाला खटकलंय, माहीत आहे. दुसरं सुचलं तर जरूर कळवा, फक्त कपड्यांची दोरी नको.