डॅशबोर्ड का उघडला नाही: तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. समोरून येणाऱ्या खडखडीसाठी आमच्या गॅरेजला दिलेली गाडी दोन दिवस ठेवून घेतली, ३,४०० रुपये घेतले, डॅशबोर्डला हातही न लावता “नुसत्या काळ्या पट्ट्या चिकटवून” दिली आणि आठवड्यात स्पीड ब्रेकरवर पुन्हा आवाज सुरू झाला, असं तुमचं म्हणणं आहे. बाकीचेही इथे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॅशबोर्ड उघडला नाही हे खरं, आणि तो मुद्दाम उघडला नाही. पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा तर स्टिअरिंग, दोन्ही एअरबॅग, एसीचे कंट्रोल, हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) कनेक्टर सगळं सुटं करावं लागतं. क्लिपा एकदा उपसल्या की पहिल्यासारख्या बसत नाहीत. एका आवाजाच्या जागी चार आवाज घेऊन गाडी परत येते. शिवाय समोरून ऐकू आलं म्हणजे ते डॅशबोर्डमधलंच असतं असं नाही. पुढच्या काचेवर आपटून आवाज फिरतो, आणि ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब), वायपरखालची काउल (प्लॅस्टिकचं झाकण), बॉनेटचे रबर स्टॉपर, अगदी सस्पेन्शनची लिंकसुद्धा ‘एसी व्हेंटच्या मागे काहीतरी वाजतंय’ अशी ऐकू येते.

दोन दिवस का लागले, त्याचं कारण तुमच्याच तक्रारीत होतं: सकाळी आवाज येतो, दुपारी जातो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६०-७० अंशांपर्यंत तापतो. प्लॅस्टिक लोखंडापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, म्हणून थंडीत आक्रसलेल्या ट्रिमच्या (आतल्या प्लॅस्टिक आवरणाच्या) खाचांमध्ये फट पडते आणि दुपारी तीच फट घट्ट होते. दुपारी दोनला दिलेल्या गाडीत सकाळचा आवाज सापडणार कसा? म्हणून ती रात्रभर उघड्यावर ठेवली आणि सकाळी थंड असतानाच रस्त्यावर काढली.

त्याआधी टायरची हवा पाहिली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय आहे, टायरमध्ये ४२ होती. दगडासारखा टायर रस्त्याचा प्रत्येक खडा बॉडीत पोचवतो, त्यामुळे हवा बरोबर केल्याशिवाय खडखड शोधण्यात अर्थ नसतो. मग ग्लव्ह बॉक्स, दारांचे कप्पे, चष्म्याचा कप्पा रिकामे केले. डिकीतला जॅक, पाना, पार्सल ट्रे बाहेर काढला. मागच्या सीटबेल्टची बकलं सीटमध्ये खोचली. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर २०-३० च्या वेगात एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं एकेक भाग तळव्यानं दाबत जायचं. दाबल्यावर आवाज थांबला तर जागा सापडली. गाडी उभी असताना म्युझिक सिस्टिमवर ४० ते १०० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत नेला की दाराची पॅनलं आणि ट्रिम आपापल्या सुराला थरथरतात. तिसरी पद्धत म्हणजे क्लिपवाले माईक ठिकठिकाणी लावून हेडफोनवर ऐकणं. बिलात १,८०० रुपये या शोधाचे आहेत. दिसत नाही, पण खरं काम तेच.

सापडलं ते असं. डाव्या ए-पिलरमध्ये डॅशकॅमची वायर कोंबलेली होती आणि तिचा जोड मोकळा लोंबकळून पत्र्यावर आपटत होता. ती वायर कर्टन एअरबॅगच्या (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणाऱ्या एअरबॅगच्या) वाटेत होती, म्हणजे प्रश्न नुसता आवाजाचा नव्हता. पूर्वी पुढची काच बदलताना काउलच्या तीन क्लिपाही कोणीतरी परत बसवल्या नव्हत्या. बॅटरीची निगेटिव्ह सोडून, थोडा वेळ थांबून मगच पिलर ट्रिम काढली, वायर एअरबॅगच्या मागून मूळ हार्नेससोबत बांधली आणि ट्रिमच्या क्लिपा नव्या टाकल्या. त्या क्लिपेला पट्टा असतो, एअरबॅग फुटताना ट्रिम अंगावर उडू नये म्हणून. ती एकदाच वापरायची असते. क्लिपा आणि टेप ७०० रुपये, ट्रिम आणि काउलची मजुरी ९००.

आता काळ्या पट्ट्या. ती हार्नेसवर गुंडाळतात ती फ्लीस टेप, उन्हात तिचा गोंद वितळत नाही. खडखड आणि चिरचिर हे दोन वेगळे आजार आहेत. खडखड म्हणजे सुटा भाग आपटतोय. तिथे क्लिप किंवा स्क्रू लागतो, टेपनं काही होत नाही. चिरचिर म्हणजे दोन प्लॅस्टिक एकमेकांवर अडकत-सरकत घासतात; तिथे मध्ये मऊ थर हवा. तुमच्या गाडीत दोन्ही होतं.

राहिला स्पीड ब्रेकरचा आवाज. तो नवा नाही आणि आतलाही नाही. जॉब कार्डावर ‘पुढची डावी स्टॅबिलायझर लिंक सैल, बदलावी’ असं लिहिलं होतं (वळणावर गाडी झुकू न देणारा, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर बार; लिंक त्याला सस्पेन्शनशी जोडते) आणि ते काम ‘सध्या नको’ म्हणून राहिलं. आतली खडखड बंद झाल्यावर तो ठळक ऐकू येतो, इतकंच. घरीच तपासा: ब्रेकर दोन्ही चाकांनी सरळ ओलांडा, मग तोच तिरका, एकेक चाक चढवत. सरळ जाताना कमी आणि तिरकं जाताना ‘टक-टक’ जास्त, तर लिंक. दोन्ही चाकं एकत्र उचलली गेली की स्टॅबिलायझर बार पिळला जात नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ येत असेल तर मात्र स्ट्रट माउंट (शॉक अॅब्सॉर्बरचं वरचं बैठक-रबर) पाहावा लागेल.

घरच्या घरी उपाय करणाऱ्यांसाठी दोन शब्द. दाराच्या आत साधा स्पंज भरू नका; तो पावसाचं पाणी धरतो आणि पत्रा गंजतो. बंद छिद्रांचा फोम घ्या. दाराच्या रबराला खनिज तेलाचा स्प्रे मारू नका, रबर फुगतं; सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. पत्र्याला चिकटवायच्या डॅम्पिंग शीटनं त्याचा घुमणारा आवाज कमी होतो, सुटी क्लिप नाही बसत. आणि जिथे एअरबॅग लिहिलंय तिथे काहीही कोंबू नका, कागदाची घडीसुद्धा नाही.

सर, गाडी सकाळी नऊच्या आत, थंड असताना आणा. तुमच्यासोबत रोड टेस्ट करू, तिचे पैसे नाहीत. पिलर किंवा काउलमधून आवाज आला तर ते काम वॉरंटीत. आवाज लिंकचा निघाला तर दोन्ही बाजूंच्या जोडीनं बदलू, बिल आधी सांगून.